कारणाचा रकाना

जयवंतने आईने आणलेला डबा उघडला आणि पहिला लाडू नेऊन दिला तो त्या सरोजिनीबेनला! विमलच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रविवारची भेट ती अर्ध्या तासाची. त्यासाठी ती मकरपुऱ्याहून दोन बस बदलून आली होती, आणि पोरगा रिमांड होमच्या व्हरांड्यात त्या बाईच्या खुर्चीला टेकून खिदळत होता. घरी कधी इतका हसला असेल तर शपथ!

सरोजिनीबेन युनिव्हर्सिटीतली. कोवळी पोरं चोऱ्या का करतात याचा अभ्यास करायची, आणि कोर्टासाठी अहवालही तीच लिहायची. तिने जयवंतला पाणी आणायला पिटाळलं आणि फॉर्म पुढे ओढला.

"कारणाचा रकाना तेवढा राहिलाय, विमलताई. पुस्तकांत बरीच कारणं सांगतात. गरिबी, घरातली भांडणं, आईची माया कमी पडणं, संगत. तुमच्या जयवंतचं संगतीचंच दिसतंय. शेजारच्या दोन पोरांच्या नादाने त्याने स्कूटरची स्टेपनी चोरली."

"हे त्याने तुम्हाला सांगितलं?"

"हो. माझ्याशी सगळं मोकळेपणाने बोलतो."

महिनाभर विमल विचारून विचारून थकली होती. आईपुढे कार्ट्याच्या तोंडाला कुलूप, आणि इथे नुसता पोपट!

"तुमच्याबद्दलही बोलला," सरोजिनीबेन हसून म्हणाली. "म्हणाला, आईचा यात काही संबंध नाही, हे आधी लिहा."

"संबंध नाही?" विमल ताडकन उठली. "नऊ महिने पोटात वाढवलाय मी त्याला! संबंध नाही म्हणे! लिहा, आईमुळे. आईमुळेच बिघडला, असं लिहा!"

"तसं लिहिलं तर कोर्ट त्याला तुमच्याकडे सोडायचं नाही. संगत लिहिलं तर गुरुवारी घरी येईल."

विमल मटकन खाली बसली. तेवढ्यात जयवंत पेला सांभाळत आला.

"घ्या बेन, माटल्यातलं आहे. एकदम गार."

विमलने त्याच्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. पदराने तोंड पुसलं.

"बरं, संगतच लिहा," ती म्हणाली. "पण त्या दोन पोरांच्या खाली तुमचंही नाव घाला."