पट्टी पार डावीकडे

"भाऊजी, तुमच्या फोटोंनी माझा फोन भरला हो! पाठवायच्या आधी जरा लहान करत जा," मेहुणीने दम दिला.

अण्णांच्या बायकोला, कुमुदला, जाऊन चार महिने झाले होते. अण्णा रोज सकाळी तिचा एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकत. उत्तरादाखल दहाबारा जोडलेले हात यायचे, की दिवस संपला.

मेहुणीने सांगितलेलं अ‍ॅप अण्णांनी घेतलं. त्यातली पट्टी डावीकडे सरकवली की फोटो लहान होई. अण्णांनी ती पार टोकाला नेली आणि महाबळेश्वरचा फोटो पाठवला.

पाच मिनिटांत धाकट्या भावाचा फोन.

"अण्णा, हा कुठला मारुती? शेंदूर फासलेला दिसतोय."

"गाढवा, तुझी वहिनी आहे ती! लाल साडीतली."

"आणि शेजारचं पोतं?"

"तो मी."

भाऊ खो खो हसला. मग त्याला आठवलं, वहिनीने त्याच सहलीत माकडाला दरडावून पर्स परत घेतली होती. बोलता बोलता अर्धा तास गेला. मग बहिणीचा फोन आला, मग विहीणबाईंचा. दुपारपर्यंत सात झाले. अण्णांचा कुकर लावायचाच राहिला.

संध्याकाळी मेहुणी म्हणाली, "इतका लहान नाही हो करायचा, सगळं धूसर होतं! पट्टी मधोमध ठेवा, म्हणजे ताईचा चेहरा नीट दिसेल."

"बरं बरं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लग्नातला फोटो निवडला, पट्टी पुन्हा पार डावीकडे नेली, फोटो पाठवला आणि खुर्ची फोनजवळ ओढली.