त्रयस्थ

"त्रयस्थ म्हंजे कोण?" म्हस्कूने टेबलावर हात आपटला.

"दुसरं माणूस, मामा. ज्याचा कागद तुम्ही मागून राह्यले ते," कारकून राजानंद म्हणाला.

"माझी बायको दुसरं माणूस?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. म्हस्कूने वळून पाहिलं, तसं ते हसू थांबलं.

त्याला सोनूबाईचा केसपेपर हवा होता. सरकारी दवाखान्याचं म्हणणं, बाई मेलेलीच आणली. म्हस्कू सोबत होता. ती बाकड्यावर बसली, पाणी मागितलं, डॉक्टर कधी येतील म्हणून विचारत राहिली. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. त्याआधी नर्सने केसपेपरवर तिची नाडी लिहिली होती. ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. दवाखान्यात कागद मागायला गेला, तर वॉचमनने हाकललं. मग त्याने जालन्यात मस्तगडावरच्या टायपिस्टकडून माहिती अधिकाराचा अर्ज टाइप करून घेतला, कोर्ट फीचं तिकीट लावलं आणि जिल्ह्याच्या कार्यालयात दिला.

"सोनूबाईंची परवानगी लागते," राजानंद म्हणाला.

"ती मेली! दाखला जोडला न्हाई का?"

"चिडू नका. नुसता नियम आहे." राजानंदने आवाज खाली आणला. "त्यांच्या नावानं नोटीस जाईल. मुदतीत हरकत आली न्हाई, तर साहेबाला कागद द्यावाच लागतो. आता मेलेलं माणूस काय हरकत घेणार? कागद मिळाला समजा."

नोटीस घरी आली. मुलीने, मोनिकाने, ती मोठ्याने वाचली. "'हरकत असल्यास समक्ष हजर राहावे.' बाबा, आईला जालन्याला जावं लागतंय. कोणतं लुगडं काढू?"

"गप."

"मी काय खोटं बोलून राह्यले? त्यांनीच बोलावलंय." ती नोटीस चुलीत घालायला निघाली. म्हस्कूने हिसकावून घेतली.

"मुदत संपू दे. मंग एकेकाला बघतो."

मुदत संपल्यावर तो सकाळच्या एसटीने गेला. केसपेपर हातात आला की थेट पोलिसात जायचं, असं वकिलाशी बोलून ठेवलं होतं. राजानंदने मान वर केली नाही. साहेबांनीच आत बोलावलं, खुर्ची दिली.

"कागद द्या, साहेब."

"देता येत नाही. हरकत आली."

"कोणाची?"

साहेबांनी फाईल त्याच्याकडे फिरवली.

"सोनूबाईंची. परवा स्वतः आल्या होत्या. आम्ही ओळख पटवूनच अंगठा घेतला."