रोटाचा कण

सबस्टेशनातला जुना ब्रेकर काढायचा म्हणून त्यातला गॅस मशीनने सिलिंडरमध्ये ओढता ओढता नवलला उशीर झाला. घरी कानबाईच्या सणाच्या प्रसादाचे रोट खायला तो सगळ्यांच्या शेवटी बसला.

"सोडी देता तो ग्यास हवामा," आई, सुंदरबाई, वाढता वाढता कुरकुरली. "कोनले समजतं?"

"कोनलेच नही, माय. त्याले ना वास, ना रंग. पन हजार वरीस आभाळमा राहास, धरती तापाडस."

रोटाचा कणसुद्धा घराच्या आवाराबाहेर जाऊ द्यायचा नसतो. नवल उठला तसे तिने ताटाभोवतीचे कण वेचले, त्याचं हात धुतलेलं पाणी परातीत धरलं, परसातल्या खड्ड्यात ओतलं आणि वर माती लोटली.

"आसं सांग ना मंग," पदराला हात पुसत ती म्हणाली, "तठे सबस्टेशनमाबी रोटच व्हतात."