मागच्या खोलीतला आजारी

लाई बुंगाचा नवरा गेल्या कापणीच्या वेळी वारला, तेव्हापासून मागच्या खोलीत निजवलेला होता. इंडोनेशियातल्या तोराजात अंत्यविधी होईपर्यंत मेलेल्याला आजारीच म्हणतात. ती रोज त्याला कॉफी नेऊन देई.

प्रार्थनेला आलेले चर्चचे तांदी पाळक गहिवरले. “केवढी माया गं तुझी!”

तिनं किल्ली काढली, तेव्हा त्यांना दारावरचं जाडजूड कुलूप दिसलं.

“हे कशाला? तो काय उठून बाहेर येणारेय?”

“दर रविवारी तुम्हीच वदवून घेता ना, पाळकसाहेब? शरीराच्या पुनरुत्थानावर मी विश्वास ठेवते, म्हणून.” तिनं बाही सारून दंडावरचे जुने व्रण दाखवले. “मी खरंच ठेवते.”

पाळकांनी किल्ली तिच्याच मुठीत मिटली आणि प्रार्थना दाराबाहेरच उरकली. तीही अगदी हळू आवाजात.