पारखून घेतलेली सायकल

"हिला सायकल म्हणतोस?" तपासनीस म्हणाला आणि त्याने बुटाच्या टोकाने पुढचं चाक ढोसललं.

दुकानदार पाना पुसत उभा राहिला. जुन्या सायकली घ्यायच्या, तेलपाणी करून विकायच्या, हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक नावं ठेवायला लागलं की माल त्याच्या मनात भरलाय, हे तो जाणून होता.

तपासनीस एका गोदामात आलेला माल तपासायचा. खोकी उघडायची, खोट काढायची आणि माल परत पाठवायचा, याचाच त्याला पगार मिळे. गोदामाबाहेर हेच काम तो फुकट करी. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं तो चारचौघांत स्वतःच सांगायचा. दुसरं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

त्याने ब्रेक दाबून पाहिले, चेन बोटाने उचलून पाहिली. घंटी वाजवली. तिच्यातून खोकल्यासारखा आवाज आला.

"आणि हे काय?" चेनच्या पत्र्यावर कुणीतरी लाल नेलपॉलिशचे टिपके काढून फूल केलं होतं. त्याने ते नखाने खरवडलं. अर्धी पाकळी निघाली, बाकीची निघेना. "कुण्या कार्टीचे उद्योग! वस्तू कशी वापरावी हे घरात कुणी शिकवलेलं दिसत नाही. चोरीची तर नाही ना? मागाहून माझ्या दारात पोलीस नकोत."

"नाही हो साहेब. इथल्याच एका बाईंनी आणून दिली. लेकरू वाढलं, सायकल तोकडी पडली. हिच्या बदल्यात मोठी नेली त्यांनी."

"बाई? बाप कुठे होता?"

"ते मी कशाला विचारू? बाई एकटीच आली होती."

तपासनीस नाकातून हसला. "असतात असे नग. लेकरासाठी इकडची काडी तिकडे करायची नाही, आणि बाप म्हणून मिरवायला सगळ्यांत पुढे. मी बघ, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलोय. पोरीचा वाढदिवस आहे आज."

"मग तिलाच घेऊन यायचं होतंत. बसवून बघितली असती."

"तिला ठाऊक नाही. अचानक द्यायची आहे."

"उंची किती असेल?"

तपासनीसाने कमरेच्या पट्ट्यापाशी आडवा तळहात धरला. "एवढी."

"वय काय म्हणालात?"

"वयाशी काय करायचंय तुला? उंची सांगतोय ना! आता बापाला पोरीची उंचीही तुझ्याकडून शिकायची?"

दुकानदार सीटकडे वळला. सीटची दांडी शेवटच्या खुणेपर्यंत वर ओढलेली होती. "खाली घे. पार खाली," तपासनीसाने फर्मावलं. पाना फिरला आणि सीट खाली बसली. "मुलं भराभर वाढतात साहेब," दुकानदार एवढंच पुटपुटला. मग भावावरून घासाघीस झाली आणि तपासनीसाने सांगितल्या किमतीच्या निम्म्यावर सायकल सोडवली. दुकानदार मूर्ख आहे, असं त्याचं मत झालं.

पोरीचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. म्हणून तर त्याने हे दुकान निवडलं होतं. सायकल ढकलत गावभर कोण फिरणार? वाटेत तो मनाशी तेच चित्र रंगवत होता. चिमणी धावत येईल, गुडघ्यांना मिठी मारेल, "बाबा, बाबा" करून घर डोक्यावर घेईल. आणि तिची आई मागे उभी राहून बघेल. याला पोरीचं काही पडलेलं नाही, असं जगाला सांगत सुटणारं तिचं तोंड आज कायमचं बंद होईल. ते तोंड बंद झालेलं बघायला तो हवी ती किंमत मोजायला तयार होता. निम्म्यात काम झालं, हे आणखी बरं.

जिन्याचा कठडा अजून तसाच हलत होता. वरच्या बोळात एक मोठी, उंच सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती. "वाट अडवून ठेवलीय मेल्यांनी," असं म्हणत त्याने ती कोपराने बाजूला सारली, हातरुमालाने तोंड पुसलं, केस नीट केले आणि दाराची बेल दाबली.

दार एका लांबुडक्या मुलीने उघडलं. त्याच्या खांद्याला लागत होती. वाढदिवसाला आलेली कुणीतरी शेजारची असणार. कोपरं, गुडघे आणि वर एक वेणी. तोंडात केकचा घास. पाहुण्यांसमोर खात खात दार उघडायचं, हे हिच्या आईबापांचं वळण!

"ए, चिमणीला बोलाव," तो म्हणाला. "आणि आधी तो घास गिळ."

"चिमणी? इथे चिमणी कुणी नाही."

"तू बोलाव तर खरी."

पण मुलगी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती खाली वाकली आणि पत्र्यावरच्या त्या अर्ध्या खरवडलेल्या फुलावरून तिने बोट फिरवलं. मग ती आत तोंड करून ओरडली, "आई, एक काका आलेत बघ! माझी जुनी सायकल परत आणलीय त्यांनी. सीट पार खाली करून टाकलीय, आणि कुणा चिमणीला विचारतायत."

आतून हात पुसत आई आली. तिने सायकलकडे पाहिलं, खाली बसवलेल्या सीटकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"चिमणी म्हणजे तूच गं," ती मुलीला म्हणाली. "आणि हे काका नाहीत. तुझे बाबा आहेत."