पत्र्याखालचं भगदाड

"परवा बुजवलं होतं ना हे? मग आज पुन्हा काहून उघडं?"

अनसूयाबाईंनी काठीचं टोक बागेतल्या कामाभोवती उभ्या केलेल्या पत्र्याखालच्या भगदाडात खुपसलं. एखादं कुत्रं आरामात सरपटत जाईल एवढं ते होतं. पत्र्यापलीकडे कारंज्यासाठी खणलेला दहा फूट खोल खड्डा.

मुकादम अंबादासने डोक्यावरचं हेल्मेट मागे सारलं. तो पांढुर्ण्याचा, म्हणून या हिंदी मुलखात त्याच्याशी निदान मराठीत भांडता यायचं.

"आजी, काल मी सोता दगड लावले इथं. रात्रभर चौकीदार असते, तेव्हा काही होत नाही. तो सकाळी सहाले जाते, मी साडेसातले येतो. तेवढ्यातच उकरून ठेवतात."

"कुत्र्यांना घड्याळ कळतं का रे?"

"तेच तर म्हणून राहिलो. अन् कोपरा बी हाच. एवढा मोठा घेर पत्र्याचा, बाकी कुठंच हात लावत नाहीत."

"पाय म्हण."

अंबादास हसला नाही. अनसूयाबाईही हसल्या नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज सकाळी त्याच माणसाला तेच सांगायचं म्हणजे डोकं उठत होतं. शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, पण असा विद्यार्थी पाहिला नव्हता.

पूर्वी अशी कामं झाली नव्हती का? त्र्याऐंशी साली याच बागेत पाण्याची टाकी बांधली. तेव्हा अण्णांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातली ड्यूटी सांभाळून चारी बाजूंनी बांबू बांधून घेतले होते. बांबूंना लाल चिंध्या. चार महिन्यांत एक शेळीसुद्धा आत गेली नाही. उरलेल्या विटांतून अण्णांनी याच कोपऱ्यात, मोहाच्या झाडाखाली ओटा बांधला. निवृत्तीनंतर सकाळचा चहा ते त्या ओट्यावरच प्यायचे. आता झाड आणि ओटा दोन्ही पत्र्याच्या आत.

आणि या लोकांना साधं एक भोक बुजवता येत नव्हतं.

गेल्या मंगळवारी शेजारच्यांचा कुत्रा बिस्किट खड्ड्यात पडला. पुढचा पाय मोडला. त्याचं केकाटणं ऐकून शेजारच्यांचीच नऊ वर्षांची प्रणोती त्याच भगदाडातून आत शिरली. कडेची माती तिच्या पायाखालून ढासळत होती. माळ्याने वेणी धरून ओढलं, म्हणून पोर वाचली. बिस्किट दुपारभर अनसूयाबाईंच्याच उंबऱ्यावर लोळणारा. प्लास्टर घातलेला पाय फरपटत आता मालकांच्या घरात फिरत होता, आणि दूधवाल्यासाठी दार उघडलं की अजूनही बाहेर पळत होता.

"आत खायला पडते काहीतरी," अंबादास म्हणाला. "त्याच्या वासानं येतात."

"तुझेच मजूर टाकत असतील."

"मजूर नऊले येतात जी. जेवतात तिकडं, त्या टोकाच्या शेडमध्ये."

"मग अन्न काय आकाशातून पडतं?" अनसूयाबाईंनी हातातला रिकामा डबा पिशवीत आदळला.

"दोन दिवस द्या आजी. मी पहाटे येऊन बसतो इथं. काय होते ते पाहतोच."

"दोन दिवसांत त्या मुक्या जिवाचा दुसरा पाय जाईल. नाहीतर पोरगीच जाईल. तू पाहतच बस!"

त्या तडक कॉलनी समितीच्या विष्णुपंतांकडे गेल्या. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"वहिनी, शांत व्हा आधी. चहा घ्या."

"शांत होते म्हणूनच हे झालं, विष्णुपंत. तुमच्या ग्रुपवर सहा वेळा फोटो टाकले. तुम्ही सहा वेळा हात जोडलेलं चित्र पाठवलं."

विष्णुपंतांनी पेपरची घडी केली.

"काय करू, सांगा."

"पत्रा दोन हात उंच करा. आणि तो मुकादम बदला. त्याच्या भरवशावर मी पोरांना बागेत सोडणार नाही."

विष्णुपंतांनी तिथल्या तिथे ठेकेदाराला फोन लावला. "हां भैया, आजच. हमारी भाभीजी बहुत नाराज हैं."

संध्याकाळी अंबादास मोटरसायकल घेऊन फाटकाशी उभा होता. मागे पिशवी बांधलेली.

"येतो आजी. नव्या माणसाले सांगा, त्या कोपऱ्यात नुसता मुरूम टाकून भागत नाही. सिमेंट टाकाच."

त्याचा चेहरा उतरला होता. अनसूयाबाईंना क्षणभर वाईट वाटलं. पण मग मातीने माखलेली प्रणोती आठवली, आणि त्या आत गेल्या.

त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

सकाळी नेहमीसारखी अंघोळ. तुळशीला पाणी. मग पहिली पोळी, तूप-गूळ लावून, गुंडाळून डब्यात. सव्वासहाला त्या बागेत पोचल्या तेव्हा चौकीदार नुकताच गेला होता. सगळीकडे सामसूम. कोपऱ्यातलं भगदाड मुरमाने बुजवलेलं होतं आणि पत्रा खरोखरच दोन हात उंच झाला होता. अनसूयाबाईंना बरं वाटलं. सांगितलं की होतं, सांगणारं माणूस पाहिजे.

त्यांनी डबा उघडला. पोळी उंच भिरकावली. ती नव्या पत्र्याला आपटून परत आली. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा त्या काठीच्या आधाराने जवळच्या बाकावर चढल्या आणि सगळा जोर लावला. पोळी पलीकडे गेली. मोहाखालच्या ओट्यावर ती पडल्याचा आवाज आला.

चार वर्षं झाली अण्णांना जाऊन, एक दिवस खंड नव्हता. आणि कावळा रोज शिवायचा. दुसऱ्या दिवशी फटीतून पाहावं तर ओटा स्वच्छ.

खाली उतरून त्यांनी डोळे मिटले, हात जोडले.

थोड्या वेळाने सुक्या पानांतून कोणीतरी येत असल्यासारखं वाटलं. तीन पावलं आणि एक फरपट. मग पत्र्याच्या बुडाशी खरखर सुरू झाली.

"आलात?" डोळे न उघडताच अनसूयाबाई म्हणाल्या.