पाला नको, हात नको

अंकुशने रॅकवर वाकून पाहिलं. रेशमाच्या अळ्या डोकी वर करून गप्प बसलेल्या. सकाळपासून एकीनंही पाल्याला तोंड लावलं नव्हतं. पहिलीच बॅच, गेली हातची! त्याने घाईघाईने तुतीचा आणखी पाला उचलला.

"अहो, ठेवा तो खाली!" प्रशिक्षण घेऊन आलेली बायको, मंदोदरी, दारातूनच ओरडली. "कात टाकायला बसल्यात त्या. अंगात हार्मोन सुटलंय, जुन्या कातडीखाली पेशी वाढून नवी कातडी तयार होतेय. आता पाला नको, हात नको, हाका नकोत."

"अळ्यांना हाका कोण मारतंय?"

मंदोदरीने हसून घराकडे पाहिलं.

दुपारी तो ताट घेऊन लेकीच्या बंद दारापाशी गेला. तेरावं वर्ष लागल्यापासून पोर अगदी घुमी झाली होती. धड जेवत नव्हती, बोलत नव्हती, आणि तो सारखा दार ठोठावायचा. आताही हात वर गेला. तसाच खाली आला. ताट दाराशी ठेवून तो मुकाट परतला.

दुसऱ्या दिवशीही त्याने तेच केलं.

संध्याकाळी कात टाकून झाली, तसा मंदोदरीने ताजा पाला घातला आणि अळ्या त्यावर तुटून पडल्या. शेडभर करकर आवाज घुमला. तो ऐकत उभा असताना मागे चाहूल लागली. लेक रिकामं ताट घेऊन दारात उभी होती.

"बाबा, अजून एक भाकरी आहे का?"